पहिली-दुसरीचा शांत वर्ग

नोकरी लागली तेव्हा मला शिकवता येईल की नाही याची काळजी नव्हती. मुलं मला मानतील का, एवढीच होती. डी.एड.ला असताना आमचे सराव पाठ जळगावातल्या शाळांत व्हायचे. तिथली मुलं आधीच कुणीतरी वळणावर आणलेली असत. आम्ही उसन्या वर्गापुढे उभे राहायचो, रंगीत तक्ते दाखवायचो आणि गुण घेऊन घरी जायचो. वर्गनियंत्रण शिकवणारे आमचे सर एक गोष्ट बजावून सांगत, "पहिला आठवडा हसायचं नाही. एकदा हसलात की वर्ग हातातून गेला." बाकी पुष्कळ विसरलो, हे तेवढं विसरलो नाही.

नेमणूक धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिळाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आग्रा रोडवरच्या फाट्यावर एस.टी. सोडायची आणि कपाशीच्या शेतांमधून पायी गावात जायचं. शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक रोज धुळ्याहून येत, तिसरी-चौथी घेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. सारं गाव त्यांना नाना म्हणायचं. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे होती. गावात राहणारा मास्तर मी एकटाच. एका मारवाडी दुकानदाराच्या गोदामाशेजारी खोली घेतली होती. शाळा सुटल्यावर स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा आणि तो शिजेपर्यंत दारात उभं राहायचं. समोरून माणसं जायची. त्यांना काय बोलावं ते मला सुचायचं नाही, म्हणून मी मान हलवायचो.

जळगावात अहिराणी कानावर पडायची, पण बाजारात. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात वडिलांचा दंडक कडक होता. मोठ्यांना अहो-जाहो, तेही शुद्ध भाषेत. सख्ख्या काकांना मी एकदा चुकून 'तू' म्हणालो, तर दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. असा मी पहिल्या दिवशी वर्गात पाय ठेवतो तोच दुसरीतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली,

"गुर्जी, तू जेवना का?"

बाकीची पोरं माझ्याकडे बघत होती. एकाने विचारलं, "तू कोन गावना शेस?" दुसरा म्हणाला, "तुनी सायकल कोठे शे?" मला वाटलं, नवा आणि पोरसवदा बघून ही माझी फिरकी घेताहेत.

मधल्या सुट्टीत मी नानांकडे तक्रार केली. ते डबा सोडत होते. म्हणाले, "अहो, बापालासुद्धा तूच म्हणतात ती. मलाही म्हणतात. बोलीच तशी आहे त्यांची. बसा, भाकर घ्या."

नाना निवृत्तीला आलेत आणि आता त्यांना काही नको आहे, असा मी अर्थ काढला. त्यांच्या वर्गात गलका असायचा. त्यांच्यासारखं व्हायचं नाही हे मी तिथेच, त्यांची भाकर खाता खाता ठरवलं.

मी तीन गोष्टी बंद केल्या. गुरुजींना 'तू' म्हणायचं नाही. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. हात वर केल्यावरही 'बोल' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एरवी हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेतला एक जण विचारात पडला. "गुर्जी, एक हात तोंडवर शे. मंग घडी कसानी घालू?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याला बाहेर भिंतीशी उभं केलं.

ज्याने नियम मोडला तो मधल्या सुट्टीपर्यंत भिंतीशी. मी मारत नसे, आणि याचा मला अभिमान होता. सुरुवातीला भिंतीशी गर्दी असायची. सगळ्यांत जास्त वेळा ती जेवणाचं विचारणारी मुलगी उभी राहिली. तिच्या कडेवर कायम धाकटा भाऊ असायचा. आई-बाप शेतात गेल्यावर त्याला सांभाळायचं म्हणून तिच्यासारख्या मुली लहान भावंडांना शाळेत घेऊन येत. हा जेमतेम दोन वर्षांचा होता. ती बाहेर उभी राहिली की तोही तिच्या पायाशी बसून माती खायचा. ती आत येताना मला सांगायची, "आते नही बोलाव मी." आणि पाटी हातात घेतल्याबरोबर, "गुर्जी, देख ना, तुले दाखाडस!" मी भिंतीकडे बोट करायचो. ती निमूट भावाला उचलायची.

'तुम्ही' म्हणायचं तर पुढचं सगळं वाक्य बदलतं, हे त्या वयाच्या मुलांना जमेना. काही दिवस त्यांनी पळवाट काढली. "गुर्जीना पेन पडना," असं माझ्याकडे न बघता हवेत बोलायची. मी तेही बंद केलं. मग ती बोलायचीच थांबली. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही पुस्तकातल्या शब्दांत. दिवाळीच्या आधी विस्तार अधिकारी तपासणीला आले. दारात जरा थबकले आणि म्हणाले, "पहिली-दुसरीचा असा शांत वर्ग मी या तालुक्यात पाहिला नाही." मी त्या शनिवारी पिंप्राळ्याला जाऊन वडिलांना ते जसंच्या तसं सांगितलं. नानांना मात्र सांगू शकलो नाही.

संध्याकाळी खोलीसमोरून माझी मुलं जायची. मला पाहिलं की हातातलं चाक थांबवून, तोंडावर बोट ठेवून पुढे निघून जायची. रस्त्यावर तो नियम नव्हता. मी हाक मारून तसं सांगायला हवं होतं. भात खाली लागायला आलेला असायचा. मी आत जायचो.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी फळ्यावर बेरजा लिहीत होतो. मागे वळलो तर त्या मुलीचा हात वर होता. भाऊ तिच्याशेजारी तरटावर झोपला होता. मी "थांब" म्हणालो आणि पुन्हा फळ्याकडे वळलो. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्या वाजल्या. ती हात हलवत असणार. मी न वळता पुन्हा म्हणालो, "थांब म्हटलं ना." त्यानंतर त्या लहानग्याची किंकाळी ऐकली.

विंचू भिंतीकडून तरटावर आला होता. तिच्या शेजारच्यांनी तो पाहिला होता, मागच्या रांगेनेही पाहिला होता. एवढा वर्ग, आणि कुणी आवाज केला नव्हता. मी मुलाला उचललं तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती. तिचा एक हात अजून अर्धा वर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर होतं.

दुकानदाराच्या जीपमधून मुलाला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आई-बाप शेतातून तसेच आले, ते त्याच जीपमध्ये बसले. मला जागा नव्हती. नाना त्यांच्याबरोबर गेले, मी शाळा बंद करून खोलीत बसलो. स्टोव्ह पेटवला नाही. मूल वाचणार नाही असंच मी धरून चाललो होतो. पण ते वाचलं. दोन-तीन दिवसांनी बापाच्या खांद्यावर बसून गावात आलं.

मुलगी मात्र शाळेत येईना. नाना म्हणाले, "आईने बडवलीय तिला. हाक मारली नाही म्हणून." मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, बाप बैलाला पाणी दाखवत होता. मुलगी चुलीपाशी होती. मला बघून ती आणखी आत सरकली.

"ये गुर्जी, बस," आई म्हणाली. मग मुलीकडे बघून आवाज चढवला. "भाऊ मरी जाता ते? डोयासमोर इच्चू, आनि हाई गप बशी ऱ्हायनी. तुना तोंडमा काय व्हतं वं?"

मुलीने चुलीत काटकी सारली.

मी म्हणालो, "तिची चूक नाही. तिने हात वर केला होता. मीच थांब म्हणालो. दोनदा म्हणालो."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलावं असं वाटत होतं. पण ती हसली, मान हलवून हसली. "पोरनी बाजू लेस का गुर्जी? मी बठ्ठा पोरेसले इचारं. हिनी हात वर कया नही, असं म्हनतस बठ्ठा."

"नाही हो, सगळी पोरं नाही म्हणत असली तरी मी खरं सांगतोय."

"तू भला माणूस शेस," बाप म्हणाला. "च्या पी. उद्यापासून शाळामा धाडस तिले."

मी चहा प्यायलो. आणखी एकदा सांगून पाहिलं, पण माझा आवाज आता समजूत घालणाऱ्या माणसासारखा झाला होता, आणि ते तो तसाच ऐकत होते. परत येताना लोकांनी मला रामराम केला. मास्तर पोरीसाठी स्वतःवर घेतो, ही गोष्ट माझ्याआधी खोलीपर्यंत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. भाऊ बरोबर नव्हता. मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं, ती ते फ्रॉकमध्ये गुंडाळून बसली. मी हजेरी घेतली नाही. वर्गापुढे उभा राहिलो आणि विचारलं, "हिने हात वर केला होता. तुम्ही सगळ्यांनी बघितलं होतं ना?"

बोटं तोंडावर.

"बोटं काढा. आता कुणी बाहेर उभं राहणार नाही. बोला."

एकेक करून बोटं खाली आली. मग ज्याला घडीचं कोडं पडलं होतं तोच खाली बघत म्हणाला, "माहित शे आम्हले."

"मग घरी का नाही सांगितलं? तिला मार बसला."

"सांगं असतं ते लोके तुले मारतीन ना," तो म्हणाला. 'तुले' तोंडातून गेलं म्हणून दचकून त्याने भिंतीकडे पाहिलं. दुसरा लगेच म्हणाला, "तुले आठे कोनी नही ना गुर्जी. एकटाच शेस तू."

मग एकेकाकडून कळलं. विंचू चावला त्या दिवशी मी शाळा बंद केल्यावर त्या एवढ्याशा पोरांनी आपसात ठरवलं होतं. मी दारात एकटा उभा असतो हे ती रोज जाता-येता बघत होती. मी ज्यांच्यापासून स्वतःला जपत होतो, त्यांनी मला जपलं होतं. आणि ठरवताना तीही त्यांच्यात होती.

मी म्हणालो, "आज संध्याकाळी आपण सगळे तिच्या घरी जाऊ. सगळे मिळून खरं ते सांगू."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. हात वर न करता. "आते नको सांगू गुर्जी. मार खाई लिधा मी."

काही पोरं हसली, तीही किंचित हसली. मग ती पाटी पुसायला लागली.

मी तिचं ऐकलं. तिला नको आहे, तर कशाला, असं स्वतःला सांगितलं. आज मुलाबाळांचा बाप झाल्यावर मला पक्कं कळतं, की तिने नको म्हटलं आणि मी सुटलो. वर्गातल्या मुलांना बरोबर घेऊन पुन्हा त्या अंगणात जायला फार चालावं लागलं नसतं. त्या वेळी तिच्या आईला विश्वास ठेवावाच लागला असता.

पुढे वर्गात गलका होऊ लागला. त्या गलक्यातच मी थोडंफार शिकवायला शिकलो. विस्तार अधिकारी पुन्हा आले तेव्हा काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी बदली घेऊन मी जळगावकडे आलो. निघायच्या दिवशी तिची आई खोलीवर शेंगा घेऊन आली होती. भाऊ आता धावायला लागला होता, तो तिच्या पदराला धरून होता. "हिनी ध्यान नही ठेवं, तरी देवनी ठेवं," असं ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. मुलगी शेजारीच उभी होती. शेंगा मी घेतल्या, आणि एस.टी. चुकेल म्हणून निघालो.