जाळी नसलेली वायर
दाजी शिलाई मशिनं दुरुस्त करायचे आणि सुटीच्या दिवशी मेहुण्याबरोबर शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायचे. ऑटोपायलटची मोटर दाजींनी बसवली, वायरिंग मेहुण्याने केलं. विमान उडालं छान. पण रेडिओवर बोलायला बटण दाबलं, की ऑटोपायलट ते डावीकडे कलंडवायचा.

“दाजी, तुमच्या मोटरमध्येच खोट आहे,” मेहुणा म्हणाला.

दाजींनी मोटर पुन्हा पुन्हा खोलली, अगदी स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडेपर्यंत. शेवटी त्यांनी पॅनेल उघडलं. रेडिओच्या लहरी अडवणारी जाळीची वायर हवी होती, तिथे साधीच वायर होती, तीही अँटेनाच्या केबलला चिकटून.

“जाळीची वायर वळतच नव्हती, म्हणून साधी टाकली,” मेहुणा खाली बघत म्हणाला. “नंतर सांगायचा धीर झाला नाही.”

“आणि तरी मला वर जाऊ दिलंस?”

मेहुणा हातातला पाना ठेवून शेडबाहेर निघून गेला.

दाजींनी सगळी वायर स्वतः बदलली. पुढच्या उड्डाणात बटण दाबलं, तरी विमान सरळ गेलं. आनंद सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

“माझा भाऊ हल्ली का येत नाही?” घरी बायकोने विचारलं.

“कंटाळला असेल,” म्हणत दाजी हात धुवायला गेले.