पहिल्या नंबरचा हंडा

नात इंग्रजी शाळेत जाते. रविवारी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "आज्जी, तू सारखी नंबर नंबर करतेस ना, तो शब्द इंग्रजांचा पण नाहीये. त्यांनी फ्रान्सकडून घेतला, आणि फ्रान्सनं आणखी जुन्या भाषेतून."

म्हणजे त्यांच्याकडंही उसनाच आलेला. असू दे. माझ्याकडं तो कुठून आला ते मला ठाऊक आहे.

चौथीपर्यंत शिकले, तिथं नंबर म्हणजे वर्गात पहिलं-दुसरं येणं. माझा कधी आला नाही. लग्न झाल्यावर कळलं, शेतालाही नंबर असतो. शहरात, मुकुंदवाडीत राहायला आल्यावर पाण्याचा नंबर कळला. आमच्या गावी विहिरीवर पाळी म्हणत. इथं टँकरपाशी बाप्ये उभे, त्यांच्यासमोर पाळी म्हणायला बायांना लाज वाटायची, म्हणून सगळ्या नंबरच म्हणायच्या. पुढं उस्मानपुऱ्यातल्या दुकानात चष्म्याचा नंबर निघाला. म्हातारपणी मोबाईलचा.

आमच्या गल्लीत टँकरसाठी माणूस उभा राहत नाही, हंडा उभा राहतो. पहाटे आपापला हंडा रांगेत ठेवायचा आणि घरी जाऊन कामाला लागायचं. माझ्या हंड्याच्या काठाला लाल रंग आहे. घर गल्लीच्या टोकाला, त्यामुळं पहिला नंबर मला कधी मिळाला नाही. मागच्या घरची बाई माझा हंडा हळूच मागं सरकवायची, मग भांडण. भांडून आले की आमचे मालक खाटेवरून विचारायचे, "आज काय काय बोललीस?" मी सगळं सांगायची. ते हसायचे.

गेल्या वर्षी मालकांच्या हृदयाची झडप खराब झाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, नंबर लावून ठेवा. नंबर लावायचा मला एकच प्रकार येतो. दवाखान्यात पहाटे जाऊन मी डॉक्टरांच्या दारापुढं मालकांची चप्पल आणि पाण्याची बाटली ठेवली आणि त्यांना बाकावर बसवलं.

वॉचमन म्हणाला, "आजी, उचला हे. नंबर कॉम्प्युटरमधी असतो. फोन येईल."

"पुढं किती माणसं हायेत, ते तरी दिसंल का?"

"नाय दिसत."

टँकरपाशी पुढं किती हंडे आहेत ते तरी दिसतं. इथं नुसता फोन उशाशी घेऊन बसायचं. मालकांना आधी जिना चढवेना, मग अंगणापर्यंत जाववेना. एकदा दम खात म्हणाले, "दोन ठिकाणी नंबर लावलाय. बघू, आधी कुठून बोलावणं येतं."

"गप बसा. चहा घ्या," मी म्हणाले.

एका सकाळी तसाच चहा मागितला. मी गाळून आणेपर्यंत मालक गेले होते. दवाखान्याचा फोन आलाच नाही.

मयताला अंघोळ घालायची तर घरात पाणी नव्हतं. टँकर यायचा होता आणि माझा हंडा रांगेत पार मागं. ज्या घरात मयत, त्याचा हंडा पहिला, ही आमच्या गल्लीची रीत. मी स्वतः कितीदा दुसऱ्यांचे हंडे पुढं नेले आहेत. त्या दिवशी समोरच्या मुसलमान घरातल्या थोरल्या बाईंनी, आपांनी, माझा उचलला. "पैले इनका भरो. मय्यत का घर है," त्या म्हणाल्या. मागच्या घरच्या बाईनं स्वतःचा हंडा बाजूला घेतला आणि माझा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन दारात आणून ठेवला. त्याच पाण्यानं मालकांना अंघोळ घातली.

तेरावं होईपर्यंत माझा हंडा पुढंच राहिला. पहिला नंबर असा असतो. बाया खाली बघतात, पाणी लगेच मिळतं, आणि एकटीला ते संपत नाही.

तेराव्यानंतर मी सवयीनं हंडा पुढं नेला. मागच्या घरची ओरडली, "ओ म्हातारे, घे तो हंडा मागं! झालं की आता तेरावं!"

"तुझ्या बापाचा टँकर हाय का गं?" मी म्हणाले. आणखीही बोलले. बरं वाटलं. मग हंडा आपल्या जागी नेऊन ठेवला.

घरी आले, पदर खोचला आणि तिनं काय म्हटलं, मी काय म्हटलं, ते खाटेकडं बघून सांगायला लागले. बरंच सांगून झाल्यावर उठले आणि रिकामी खाट भिंतीला उभी केली.