भोवऱ्यात अडकलेला मधला भाग

आमच्या घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं. पत्रकं होती. वडील कोळीवाड्यातल्या शाळेत मास्तर होते आणि सुटीच्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून बाजाराच्या गावांना पत्रकं वाटायला जात. उरलेली घरी येत. त्यांनी डबे झाकले जात, चूल पेटे, आणि आम्ही भावंडं त्यांवरच वाचायला शिकलो. मी स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य ‘आता तरी जागे व्हा’ हे होतं, आणि ते मी उशिरापर्यंत लोळणाऱ्या धाकट्या भावाला रोज सकाळी मोठ्यानं ऐकवत असे. त्या पत्रकाचा इतका थेट परिणाम दुसऱ्या कुणावर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर मी ठरवलं की पावसाळ्यात कोळीवाड्याला जागं करायचं. पावसाळ्यात दर्या बंद असतो. होड्या वर ओढून त्यांच्यावर माडाच्या झापांचं छप्पर घालतात आणि त्याच आडोशाला बसून माणसं जाळी दुरुस्त करतात. हात कामात, कान मोकळे. प्रचाराला याहून चांगली जागा कुठली?

पहिल्या दिवशी मी ‘मच्छीमारांनी सहकारी सोसायटी का काढावी’ हे वाचलं. सगळ्यांनी अदबीनं ऐकलं. शेवटी एकीनं विचारलं, यात लगीन कुणाचं होतं? दुसऱ्या दिवशी फक्त नाखवा होता, आणि तो तरी कुठं जाणार, होडी त्याचीच होती.

तेव्हा मी गळाला आमिष लावायचं ठरवलं. श्रीवर्धनच्या वाचनालयात एका अद्भुत कादंबरीचे दोन जाडजूड भाग होते. तिसरा यायचा होता. राजपुत्र, माणसं कैदेत ठेवणारी चेटकीण, उडते घोडे, दगड झालेली नगरी, आणि समुद्राच्या तळाशी एका दिव्यात जीव ठेवलेला राक्षस. असल्या पुस्तकांनी जनतेला गुंगी येते असं आमच्याकडच्या एका पत्रकात स्पष्ट छापलेलं होतं, आणि मला ते शब्दशः पटलेलं होतं. तरी मी हिशेब केला: एक प्रकरण गुंगीचं, मग एक पत्रक जागृतीचं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आमच्याकडे श्रावणात बायका कहाणी ऐकतात ती मुठीत तांदळाचे दाणे धरून. कहाणी संपली की दाणे देवाला वाहायचे. संपायच्या आत मूठ उघडायची नाही. मी पुस्तक उघडलं आणि नाखवीण मुठीत तांदूळ घेऊन समोर येऊन बसली. तिचं पाहून बाकीच्याही उठून घरी गेल्या आणि मुठी भरून आल्या.

मी त्यांना समजावलं की ही कहाणी नव्हे, कादंबरी आहे, कुणा रिकामटेकड्या गृहस्थानं मनानं रचलेली.

“रचलेली तं रचलेली,” नाखवीण म्हणाली. “वाचतेस ना? मंग झाली कहानी.”

पहिला भाग फार गाजला, पत्रकाची पाळी आलीच नाही. लोकांनी जाळी सोडून ऐकलं, इतकं की नाखव्यानं तक्रार केली. तो भाग संपला तेव्हा नाखविणीनं विचारलं, झाली? मी म्हटलं, अजून दोन भाग आहेत. बाकीच्यांनी आपापले दाणे कोंबड्यांना टाकले. हिनं मात्र आपले चिंधीत बांधले आणि ती पुरचुंडी होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, अडकवली.

ती होडी नवी होती. जुनी आदल्या साली हरिहरेश्वरच्या खडकांवर फुटली. माणसं पोहून आली, होडी गेली. नाखविणीनं अंगावरचं सोनं मोडून ही दुसरी बांधून घेतली होती आणि नारळी पुनवेनंतर ती पहिल्यांदा पाण्यात जायची होती. होडीविषयी बोलताना नाखविणीचा आवाज खाली येत असे, एरवी तो बंदरापर्यंत पोचे.

मग आला दुसरा भाग. त्यात काहीही होत नाही. राजपुत्र चालतो. चालून दमला की विचार करतो. एक ऋषी भेटतो आणि चार प्रकरणं बोलतो. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणात राजपुत्राला झोप लागते, जे मला त्या पुस्तकातलं सर्वांत खरं वाटलं. अगदी शेवटी तो सात खलाशांच्या गलबतात बसतो, बऱ्याच दिवसांनी गलबत भोवऱ्यात सापडतं, राजपुत्र तलवार उपसतो, आणि पान संपतं. खाली बारीक अक्षरांत: ‘वाचकांनी या भागाविषयी आपले अभिप्राय प्रकाशकास अवश्य कळवावेत.’

अभिप्राय मागितल्यावर मी गप्प बसणार? मी सगळ्यांना विचारत सुटले.

नाखवा म्हणाला, पहिला भाग ताजी मासळी, तिसरा असेल सुकी, दोन्ही खाता येतात. हा मधला उन्हात अर्धा दिवस ठेवून उचललेला. एका म्हातारीचं म्हणणं, अख्ख्या पुस्तकात काम करते ती एकटी चेटकीण. पाणी तीच भरते, कैद्यांना जेवण तीच रांधते, आणि शिव्याही तिलाच. दोघी जावांचं ऋषीवरून भांडण झालं. मोठीला त्याचं बोलणं आवडलं होतं, आणि धाकटी म्हणाली की आवडणारच, घरी तुझंच ऐकतो आम्ही. जाळं विणणाऱ्या एका तरुणाला एवढंच कळत नव्हतं की सात खलाशी इतके दिवस खातात काय. राजपुत्र फळं खातो असं लिहिलंय. खलाशांचं काहीच लिहिलेलं नाही.

मला आनंदानं भरून आलं. ही वर्गजाणीव होती, आणि ती माझ्या एकाही पत्रकाशिवाय आली होती, हे जरा लागलंही. मी घरी जाऊन अभिप्राय लिहायला बसले. पण मला लिहिण्याची एकच रीत येत होती. ‘आम्ही खाली सह्या करणारे कष्टकरी वाचक’ अशी सुरुवात झाली आणि पुढे मागण्या आल्या: खलाशांना दोन वेळचा भात मिळालाच पाहिजे, चेटकिणीची बदनामी थांबलीच पाहिजे, ऋषीची प्रकरणं रद्द झालीच पाहिजेत.

वडिलांनी ते वाचून मान डोलावली आणि म्हणाले, असल्या फालतू पुस्तकावर इतकी शाई घालवू नये. मग त्यांनी विचारलं, पण तो तलवार कशाला काढतो? पाण्याला तलवारीचं काय?

शेवटच्या पानावरची तलवार त्यांना ठाऊक होती. मी त्यांच्या हातातलं पत्रक पाहिलं. गेले कित्येक दिवस ते तेच पत्रक वाचत होते आणि ते नेहमीपेक्षा पुष्कळच जाड दिसत होतं.

प्रकाशकाचं उत्तर आलं: सूचनांबद्दल आभार, तिसरा भाग दिवाळीत.

नारळी पुनव त्याच्या कितीतरी आधी. दर्याला नारळ गेला आणि एकेक होडी पाण्यात उतरली. नाखव्याची मात्र झापांखालीच. नाखविणीनं सांगितलं होतं, कहाणीतली होडी भोवऱ्यात आहे तोवर माझी पाण्यात जाणार नाही.

मी धावले. माझ्याजवळ अंधश्रद्धेवर एक खास पत्रक होतं, ते मी तिच्यासमोर पहिल्या ओळीपासून वाचलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, कागदातली होडी बुडेल म्हणून भ्यायलं तर तू त्याला अंधश्रद्धा म्हणतेस, आणि कागदातल्या खलाशांना भात मिळावा म्हणून तूच सरकारी पोस्टातून अर्ज पाठवतेस.

मी पत्रकाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

होडीवरचे खलाशी दुसऱ्या नाखव्यांकडे जायला निघाले. खलाशी गेले की ती नवी होडी हंगामभर वाळूत बसणार. संध्याकाळी नाखवा आमच्या ओटीवर आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, कुठलंही पुस्तक घे, तिसरा भाग आला म्हण, आणि लाव होडी किनाऱ्याला. तिला कुठं वाचता येतं?

हे ऐकून माझं डोकं तापलं. वाचता न येणाऱ्याला फसवायचं, हे तर सावकाराचं काम. त्याच्याविरुद्ध आमच्या घरी डबाभर पत्रकं होती. मी त्याला तसं सुनावलं. तो म्हणाला, “मंग खरं सांगून लाव. पन लाव.”

मी सकाळी होडीपाशी गेले. सगळे जमलेच होते. मी उभं राहून जाहीर केलं की तिसरा भाग आलेला नाही, पुढचं मी माझ्या मनानं सांगेन, ते लेखकाचं नाही, माझं आहे.

नाखविणीनं पुरचुंडी सोडून दाणे मुठीत घेतले.

“तुजं तं तुजं, बाय. पन कागद धर हातात. कागदाबिगर कहानी लागत न्हाय.”

पिशवीत एकच कागद होता. अंधश्रद्धेवरचा. तो मी डोळ्यांसमोर धरला आणि जादूची गोष्ट वाचू लागले.

संधी सोडायचा माझा स्वभाव नाही. माझ्या गोष्टीत सातही खलाशांनी भोवऱ्याच्या मधोमध वल्ही खाली ठेवली आणि राजपुत्राला सांगितलं की आधी भाताचा निर्णय, मग वल्ही. मी खलाशांच्या पुढाऱ्याचं भाषण सुरू केलं. चांगलं रंगत होतं.

“भोवऱ्यात संप?” नाखवीण म्हणाली. “आदी कडेला लाव गो त्यांना. संप वाळूत करतील.”

“भात खाऊन करतील,” तो जाळंवाला तरुण म्हणाला.

म्हातारीनं विचारलं, चेटकीण कुठं आहे? मला तिला आणावं लागलं. ती टोपभर भात घेऊन आली, कशी आली ते मी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. खलाशी जेवले. राजपुत्राला तलवार टाकून डब्यानं पाणी उपसावं लागलं. हे सगळ्यांना फार आवडलं आणि त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. राक्षसाचा दिवा मी एका वाक्यात विझवला. गलबत वाळूला लागलं.

“माणसं?” नाखविणीनं विचारलं.

“सगळी उतरली.”

“होडी?”

मी म्हटलं, “होडीला ओरखडाही नाही, मावशी.”

तिनं मूठ उघडली आणि दाणे नाळेवर टाकले. माणसांनी झापं फेकली, खांदे लावले, आणि होडी ओंडक्यांवरून सरकत पाण्याकडे निघाली. गडबडीत पत्रक माझ्या हातातून वाळूत पडलं आणि कुणाच्या तरी पायाखाली गेलं. नाखवीण पाण्यात गुडघाभर उभी राहून होडीकडे पाहत होती. परत येताना तिनं मला अभिप्राय दिला: दुसऱ्या भागापेक्षा बरा, पण भाषण लांबलं.

दिवाळीनंतर खरा तिसरा भाग आला. जाड, सोनेरी अक्षरांचा. मी तो घेऊन गेले आणि पहिलं प्रकरण वाचलं. गलबत फुटतं, सातही खलाशी बुडतात, आणि राजपुत्र एका फळीवर तरंगत किनाऱ्याला लागतो.

नाखवीण बोंबील सुकत घालत होती. ती अर्ध्यावरच म्हणाली, थांब. हे पुस्तक खोटं आहे, परत देऊन ये.

मी म्हटलं, मावशी, हे लेखकानं स्वतः लिहिलंय.

“तो होता का तितं?” ती म्हणाली. “आमी सगली होतो.”

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत करायला म्हणून शोधलं, तर घरात कुठंच दिसेना. वडील ओटीवर बसले होते. त्यांच्या हातात एक फारच जाड पत्रक होतं.