पैले गाळ, मंग बोल

उस्मान मास्तरांची आणि माझी पहिली ओळख थोबाडीतल्या चापटीने झाली. बारवेच्या पायरीवर वाकून मी ओंजळीने पाणी पीत होतो. चापट बसली तशी तोंडातलं पाणी बाहेर उडालं आणि वरून आवाज आला, "पैले गाळ, मंग पी! नारू गिळायला कोनी शिकवलं रे, तुझ्या बापानं?" मग त्यांनी खांद्यावरचं पांढरं फडकं काढलं, दुहेरी करून लोट्याच्या तोंडावर धरलं, पाणी गाळलं, मला पाजलं. नाव विचारलं ते त्यानंतर.

गोदावरी आणि तिला मिळणारा ओढा यांच्यामध्ये आमची वाडी. पावसाळ्यात चहूकडून पाणी चढलं की घनसावंगीची वाट बंद व्हायची, म्हणून सगळे तिला बेटच म्हणत. नदीचं पाणी गढूळ, तेव्हा प्यायला ही जुनी बारव. पायऱ्यांनी थेट पाण्यात उतरायचं आणि घागर बुडवायची. त्याच पाण्यातून नारू पोटात जाई आणि वर्षभराने पायातून निघे, सुतासारखा लांब, पांढरा जंत. निघायचा तो नेमका पेरणीच्या तोंडावर. घरधनी बाजेवर विव्हळत पडे, रान पडीक राही आणि पुढचं सगळं वर्ष घर अर्धपोटी.

मास्तर बदनापूरकडचे. त्यांचा धाकटा भाऊ नारू अर्ध्यात तुटून, पाय सडून गेला होता. स्वतःविषयी ते एवढंच सांगत. आमच्या देवळाच्या ओट्यावर त्यांनी शाळा भरवली, सकाळी मराठी, दुपारी उर्दू. फी एकच होती. प्रत्येकाने घरून गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणायचा आणि सोबत ओलं फडकं दाखवायचं. फडकं कोरडं निघालं की छडी. बाराखडी चुकली तर ते माफ करत, फडकं चुकलं तर नाही. कुणी कुणाची चुगली घेऊन आलं तरी तेच ऐकवत, "पैले गाळ, मंग बोल."

माझी आई एकदा त्यांना म्हणाली, "मास्तर, लेकरू शिकाया धाडलंय, मार खायाला न्हाई."

"माय, माझी चापट एक दिस दुखती. नारू तीन म्हैने दुखतो. बोल, कोन बरा?"

नारू काढताना मात्र हेच हात निराळे होत. रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायचा. रोगी किंचाळे, दोघे-तिघे त्याला दाबून धरत आणि मास्तर पुटपुटत, "जल्दी न्हाई करायची. घाईनं वढलं की नारू बी तुटतो, मानूस बी."

तरीही ज्यांच्या पायात नारू होता ते गारव्यासाठी पाय पाण्यात सोडायचेच, आणि तिथूनच रोग साऱ्या वाडीत जायचा. एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा मास्तरांनी पहार घेतली आणि खालच्या पायऱ्या फोडून टाकल्या. देवाची बारव फोडली म्हणून माझे चुलते दाजीकाका धावून गेले. बैल हाकायची पराणी त्यांनी मास्तरांच्या डोक्यात घातली. बाकीच्यांनी लाथा घातल्या. मास्तर उठले. रक्त पुसून म्हणाले, "मारून झालं? आता दोर लावा अन् घागर सोडा. पायरी बिलकुल न्हाई."

दुसऱ्या सालानंतर वाडीत कुणाच्या पायातून नारू निघाला नाही. दाजीकाकांनी कित्येक वर्षांनी स्वतःच्या पायांवर उभं राहून पेरणी केली. सुगीला ते ज्वारीचं पोतं घेऊन ओट्याशी आले.

"ठेव," मास्तर म्हणाले. "अन् पराणी आता बैलालाच लाव."

अठ्ठेचाळीस साली निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव हिंडू लागल्या. मुसलमान असून मराठी शिकवतो म्हणून त्यांच्यातल्या एका टोळीने मास्तरांचा उजवा हात ओट्यावरच मोडला. ते डाव्या हाताने फळ्यावर लिहू लागले. मग सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं, आणि मुसलमानांवर सूड घेणारे दुसरे लोक हिंडू लागले.

नुकताच पूर ओसरला होता. पुराचं पाणी बारवेत शिरलं होतं, म्हणून पटकी होऊ नये यासाठी मास्तरांनी त्यात लाल दवा टाकली होती. ओढ्यापलीकडून जमाव आला. एकाने घागरीतलं लालसर पाणी पाहिलं आणि ओरडला, "बारवंत इख घातलंय मास्तरनं!"

"इख न्हाई, दवा हाय," मास्तर म्हणाले. "खोटं वाटतंय? मीच पितो, बघा."

त्यांनी डाव्या हाताने लोटा भरला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. फडकं काढलं, दुहेरी केलं. मोडका हात नीट चालत नव्हता, म्हणून एक टोक दातांत धरलं आणि पाणी गाळू लागले. उभ्या जन्मात त्यांनी न गाळलेलं पाणी प्यायलं नव्हतं.

जमाव ओरडला, "गाळून पिऊन राह्यलाय! इख गाळून पिऊन राह्यलाय!"

मी ओरडलो, "ते रोजच गाळून पितात!" माझ्या तोंडावर काठी बसली. दाजीकाकांनी पराणी उगारली, या वेळी मास्तरांच्या बाजूने. जमावाने काकांना चिखलात पाडलं. मास्तरांनी लोटा रिकामा केला, उपडा करून दाखवला, आणि तेवढ्यात कुऱ्हाड त्यांच्या मानेवर आली.

जमाव गेल्यावर आमच्या घरात कणगीआड लपवलेला महंमद पिंजारी बाहेर आला. मय्यतीला आंघोळ घालायची रीत वाडीत त्या एकट्यालाच ठाऊक होती. त्याने पाणी मागितलं. आईने घागर शेंदली, पदर दुहेरी करून दुसऱ्या घागरीच्या तोंडावर धरला आणि हळूहळू ओतू लागली.

"वैनी, जल्दी करा," महंमद रडत म्हणाला. "ते परत येतील. आता कशाला गाळता?"

आईने मान वर केली नाही.

"मास्तर हायेत ते," ती म्हणाली. "त्यान्ला तसंच कसं देऊ?"