शेवटच्या माणसाची शिट्टी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. या सदरातले निम्मे अनुभव वाचून मी बायकोला "काय थापा मारतात लोक!" असंच म्हणत आलोय. आता स्वतःच लिहायला बसलोय... नुसती चिडचिड होतेय!

मी कोथरूडला राहतो. काम वेब स्टँडर्ड्सचं — म्हणजे कुठलीही वेबसाइट सगळ्या ब्राउझरमध्ये सारखी चालावी म्हणून जे नियम लागतात, ते ठरवणाऱ्यांपैकी मी एक. घरात हे कोणाला कळत नाही. सासरे दर रविवारी विचारतात, "काय जावईबापू, झालं का इंटरनेट दुरुस्त?" आधी हिंजवडीला जायचो, अर्धं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये गेलं. आता घरून काम. एकेका शब्दावर महिनोन्‌महिने वाद चालतात, डोकं आउट होतं. म्हणून सुट्टीला डोंगर आणि पक्षी. गळ्यात दुर्बीण, फोन बंद.

गेल्या सप्टेंबरात सिंहगडावर गेलो होतो — मी, बायको केतकी आणि सासरे. सासरे शाळेत पीटीचे सर होते. नोकरी सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. गडावर पिठलं-भाकरी, ताक झालं आणि दुपारी कल्याण दरवाज्याने मागच्या बाजूला उतरायला लागलो. धुकं असं, की चार पावलांवरचा माणूस दिसेना.

ट्रेकवरची आमची पद्धत अशी : पुढच्याने मधूनमधून "ओऽऽ" द्यायची, सगळ्यात मागच्याने शिट्टी वाजवायची. शिट्टी आली म्हणजे मागे सगळं ठीक, चालत राहायचं. सासरे हट्टाने मागे राहिले. "शेवटचा माणूस मी. वाद नको."

मी ओ देत होतो, शिट्टी येत होती. दोन लहान, एक लांब — त्यांची नेहमीची. एकदाही चुकली नाही. खाली सपाटीवर येऊन थांबलो, तर सासरे येईचनात. केतकीने हाक मारली, "बाबाऽऽ!" लगेच शिट्टी आली. पण बरीच वरून, आणि वाट सोडून डावीकडून.

"तिकडे कशाला कडमडलेत हे?" मी वैतागलो.

"तू त्यांच्यावर ओरडू नकोस हं." केतकी रडवेली झाली होती. "शुगर आहे त्यांना. आणि जेवले पण नाहीत धड."

परत चढलो. मी ओ द्यायचो, शिट्टी यायची, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जवळून. करवीच्या झुडपांत सासरे सापडले. वाटेवरून खाली घसरलेले, घोटा वाकडा, अंग घामाने चिंब, ओठ पांढरेफटक. केतकीने ग्लुकोजची पुडी फोडून त्यांच्या तोंडात टाकली. जरा डोळे उघडले, तर मी काय केलं? चिडलो!

"अहो बाबा, पडलात तर जोरजोरात वाजवायची ना! नेहमीसारखी काय वाजवत बसलात?"

त्यांनी माझ्या सॅककडे बोट दाखवलं. "शिट्टी तिथे आहे. दोरी ताकात बुडत होती, म्हणून वरच्या कप्प्यात ठेवली. परत घ्यायला विसरलो. आणि पहिल्याच वळणावर पडलो हो... आवाजच फुटेना."

कप्पा उघडला. शिट्टी आत होती.

गावातल्या लोकांनी झोळी करून त्यांना खाली आणलं. पायाचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

आमच्या कामात एक नियम आहे. दोन टीमनी एकमेकांचं न बघता तीच गोष्ट बनवायची. दोन्ही सारख्या चालल्या तरच ती पक्की धरायची. म्हणून मी केतकीला काहीही न सुचवता विचारलं, तू काय ऐकलंस? दोन लहान, एक लांब. दिशाही तीच. माझ्याच नियमाने ही गोष्ट पास झाली, याचाच जास्त संताप येतो. मित्र म्हणतात, "शीळकरी कस्तूर असेल." अरे, इतकी वर्षं पक्षी बघतोय, कस्तुराची शीळ मला कळत नाही होय? दुसरा ग्रुप म्हणावा, तर वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

परवा सासऱ्यांकडे चहाला गेलो होतो. केतकी आत होती. न राहवून विचारलं, "बाबा, तुम्हाला येत होती ऐकू?"

ते बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या कानाशी वाजत होती. तुमची ओ आली की वाजायची, आणि तुमचा आवाज अजून लांब जायचा. मी मनात म्हणत होतो, अरे, तो मी नाही... जाऊ नका."

"पण शेवटी त्यानेच आम्हाला बोलावलं ना?"

"ते मला नाही माहीत. मी रडत होतो."

ते जे काही होतं, त्याने बाबांना आमच्यापासून तोडलं की आमच्या हवाली केलं? हात जोडायचे की शिव्या घालायच्या, एवढं तरी कोणीतरी सांगा राव.