राहिलेली अर्धी वरात

मोटार या वस्तूवर माझ्या चुलतसासऱ्यांइतकं प्रेम करणारा माणूस उभ्या बडोद्यात दुसरा नसेल, आणि मोटार चालवता येत नाही याचं त्यांच्याइतकं कमी दुःख असणाराही दुसरा नसेल. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे त्यांना पंचाहत्तरी उलटली तरी ठाऊक नाही. "ते ड्रायव्हरचं काम," असं म्हणून ते मागच्या सीटवर ऐसपैस बसतात. त्यांच्याकडे ड्रायव्हर नाही. मोटारही नाही. तेव्हा ड्रायव्हर मी आणि मोटार माझी. आता जावयाला काम सांगायचं नाही ही त्यांच्या घराण्याची रीत, त्यामुळे रविवारी सकाळी समा भागातल्या त्यांच्या घरून फोन येतो तोच मुळी "काम काही नाही हं" या वाक्याने. "जावईबापू, काम काही नाही हं. सहज. टाइम असेल तर एक आंटो मारून येऊ ने?" आंटो म्हणजे फेरफटका. असाच एक फेरफटका डभोईवरून थेट छोटा उदेपूरला गेला होता आणि परत येईपर्यंत माझी बायको पोलिसांना फोन करायच्या बेतात होती.

हे आंटे जुन्या मोटारींच्या शोधात असतात. जुन्या म्हणजे संस्थानी काळातल्या. काका मोटारींना कंपनीच्या नावाने ओळखत नाहीत, घराण्याच्या नावाने ओळखतात. वैद्यांची काळी, इनामदारांची पोपटी, डॉक्टरांची दोन दारांची. "इनामदारांची पोपटी पुढे नडियादला दिली," असं ते सांगतात तेव्हा नवख्या माणसाला वाटावं, मुलगी दिली. "तिथं फार हाल झाले हो तिचे. उसाच्या मोळ्या वाहायला लावल्या!" हे सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटतो. एवढा त्यांचा गळा सख्ख्या बहिणीच्या पाठवणीलाही दाटला नव्हता, असं काकू म्हणतात.

पण या सगळ्या वंशावळीत त्यांना हवी असलेली गाडी एकच. ती म्हणजे 'आमची पिस्तई'. काकांचे वडील संस्थानात अंमलदार होते, त्यांची ही पिस्त्याच्या रंगाची मोटार. काका-काकूंची वरात याच मोटारीतून निघाली. दांडिया बाजारातून निघून सुरसागरापर्यंत आली आणि तलावाच्या काठी जी बसली ती बसलीच. बँडवाले वाजवून वाजवून थकले. शेवटी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव खाली उतरून मोटार ढकलू लागला, तेव्हा बघ्यांपैकी कुणीतरी त्याला मेकॅनिक समजून आपली स्कूटरही बघायला सांगितली. नवरी सायकलरिक्षातून सासरी आली. वडिलांना ही बेअब्रू इतकी लागली की पुढच्याच महिन्यात त्यांनी पिस्तई विकून टाकली, आणि कुणाला, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून घरात भांड्याला भांडं लागलं की काकू एकच वाक्य म्हणतात: "माझी तर वरातसुद्धा अर्धीच आणलीत!" या वाक्याला उत्तर म्हणून काका पिस्तई शोधतात. ती मिळाली की काकूंना मागे बसवून सुरसागरापासून घडियाळी पोळीतल्या, म्हणजे त्या गल्लीतल्या, घरापर्यंत राहिलेली वरात पुरी करायची, एवढी एकच इच्छा. ते घर विकून जमाना झाला, तिथं आता साड्यांचं गोदाम आहे. पण हा मुद्दा काढला की काका म्हणतात, "दारापर्यंत तर जाता येईल ने?"

गाडी बघायला जायची त्यांची पद्धत म्हणजे चक्क स्थळ बघायला जायची पद्धत. काळा कोट, काळी टोपी. बरोबर काकू हव्यातच, पायात गोळे आले तरी. हातात नारळ आणि लीलो, म्हणजे ओल्या, चेवड्याचा पुडा, कारण लोकांच्या दारी मोकळ्या हाताने जायचं नाही. समोरच्याने दार उघडलं की आधी तब्येतपाणी, मग कूळ, मग कुणाचं कोण पुण्याला असतं ते, आणि चहाचा दुसरा कप संपल्यावर, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, "आपल्याकडे एक मोटार आहे असं कानावर आलं." बहुतेक वेळा नसतेच. पण तोवर इतका घरोबा झालेला असतो की निघताना दोन घरांतून आम्हाला मुंजीची आमंत्रणं मिळालेली आहेत.

प्रतापनगरला एका मंडपवाल्याकडे हिरवी जुनी मोटार आहे अशी पक्की खबर लागली होती. गेलो. मांडवाच्या कापडांच्या ढिगाआड खरंच एक हिरवी मोटार उभी होती. काकांनी टोपी काढली. एक प्रदक्षिणा घातली. दिव्यांवरून हात फिरवला, डोळे मिटून वास घेतला आणि तज्ज्ञ वैद्यासारखं बॉनेटवर बोटाने टकटक केलं. बोट आत गेलं. लग्नात नवरा-नवरीचे फोटो काढायला प्लायवूड आणि पुठ्ठ्याची केलेली ती मोटार होती. मी हसू दाबायला पाठ फिरवली. मागून काकांचा गंभीर आवाज आला, "पत्रा जरा पातळ आहे." मंडपवाला बिचारा सज्जन, त्याने भोकावर प्लॅस्टिकचं फूल चिकटवलं.

समातल्याच एका सोसायटीत तर कहर झाला. झाकून ठेवलेल्या गाडीचं आवरण काका हळूच वर करत होते, तेवढ्यात वॉचमन धावला, पाठोपाठ सेक्रेटरी, पाठोपाठ सगळी सोसायटी. "चोर छे, चोर!" काका वंशावळ सांगू लागले तसा संशय आणखी वाढला. शेवटी काकूंनी माझ्या गाडीची काच खाली केली आणि खणखणीत आवाजात साक्ष दिली, "अरे भाई, एमने गाडी चलावतां ज नथी आवडती! चालवताच येत नाही, तर चोरतील कशी?" जमाव हसत पांगला. आवरणाखाली कालपरवाची पांढरी गाडी निघाली. चोर म्हटल्याचं काकांना काही नव्हतं, चारचौघांत दिलेली साक्ष जिव्हारी लागली होती.

गेल्या हिवाळ्यात एका भाजीवाल्याने सांगितलं की पादरा शहरापलीकडे त्याच्या गावातल्या एका घरी जुनी मोटार आहे, बडोद्याहूनच आणलेली. नारळ, चेवडा, कोट, टोपी, काकू, मी. अंगणात पोचलो तर मोटार कुठेच नाही. घरातल्या म्हाताऱ्या बा पदर सावरत बाहेर आल्या. "आवो, आवो. मोटर ने? आ रही!" ही काय, इथेच आहे, असं म्हणत त्यांनी हात फिरवला, तो गोठ्यापासून ओसरीपर्यंत. त्यांच्या सासऱ्यांनी आणलेली मोटार चालेनाशी झाली, तेव्हा घराने तिचा एकही तुकडा वाया घालवला नव्हता. दार लागलं होतं कोंबड्यांच्या खुराड्याला. बॉनेट उलटं करून त्याची गव्हाण केली होती आणि निळ्या रंगाच्या त्या गव्हाणीत एक म्हैस चवीने कडबा खात होती. मागची सीट साखळ्यांनी ओसरीत टांगली होती. तिचा झाला होता हिंचको, म्हणजे झोपाळा.

काका गव्हाणीपाशी वाकले. म्हशीने त्यांची टोपी हुंगली. बराच वेळ ते पत्र्यावरून हात फिरवत राहिले, मग उठून कोट झटकत म्हणाले, "छे! ही आमची नव्हे. आमची पिस्तई, ही निळी. चला." मला हायसं वाटलं, आणि पुढच्या रविवारची काळजीही लागली.

काकू मात्र दमून झोपाळ्यावर बसल्या होत्या. बांनी दिलेला चहा बशीत ओतता ओतता त्यांचा डावा हात सीटवर काहीतरी चाचपू लागला. बशी तशीच खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अगं बाई! अहो, इकडे या." सीटच्या कातड्याला एक जुनं, काळ्या कडेचं भोक होतं. वरातीत काकूंच्या धाकट्या भावाने पेटती फुलबाजी मोटारीत आणली होती, तिची ठिणगी पडलेली. सासरे रागावतील म्हणून नवी नवरी अख्खी वरातभर त्या भोकावर तळहात ठेवून बसली होती. "हेच ते. आणि तुम्ही म्हणता आपली नव्हे?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "ओळखली होती गं. निळा रंग मागाहून दिलेला, गव्हाणीच्या आतून पिस्तईच आहे. म्हटलं, तुला कशाला सांगा."

मला एकदम या माणसाबद्दल माया दाटून आली. काही करायचं म्हणून मी बांना विचारलं, ही सीट द्याल का? बा हसल्या. "हिंचको ते कंई अपाय, भाई? बेसो ने, निरांते बेसो!" झोपाळा कधी कुणाला देऊन टाकतात का, निवांत बसा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"बसा," काकू म्हणाल्या आणि सरकल्या. काका टोपी नीट करून त्यांच्या शेजारी बसले. सवयीने दोघांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाला काम सांगायचं नाही, ही तर घराण्याची रीत. मी आपण होऊन मागे गेलो आणि झोका दिला. साखळ्या करकरल्या.

"सुरसागर सुटला," काका म्हणाले.

"हळू घ्या. न्यायमंदिरापाशी गर्दी असते," काकू म्हणाल्या.

"लहरीपुरा दरवाजा आला बघ."

"बँड कुठाय?"

"पुढे गेला. ही मांडवी."

मी झोके देत राहिलो. काकूंचा तळहात त्या भोकावर होता आणि काकांचा त्यांच्या हातावर. गोठ्यात म्हैस कडबा खात होती.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "आपलं घर मागे गेलं."

"जाऊ दे," काका म्हणाले. "जावईबापू, थांबू नका हं."