पुढच्या आसासाठी मतदान

"बोलू नका, स्वल्प वळवून दाखवा." अण्णांचं हे कानडी वळणाचं वाक्य बंगळुरातल्या हलसूरच्या बाजारात तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. दुकानदाराने छत्री कितीही वाखाणली तरी ते तिची मूठ वळवून बघत. मी त्यांना क्रांतीवरचं माझं पत्रक वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सरी, बरं. पण हे वळतं कुठे?"

मी चिडलो. पत्रकं वाचून वाढलेला माणूस चिडणारच. पण पुढच्या रविवारी त्यांच्या अंगणात गेलो, तर क्रांती विटांवर उभी होती! लष्कराने भंगारात काढलेल्या ट्रकचं इंजिन, कुठल्याशा गाडीचा गिअरबॉक्स आणि बसायला पाय कापलेली घरचीच लोखंडी खुर्ची. अण्णा कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर बांधत होते. स्वतःसाठी नव्हे, त्यांची जमीन तुळशीच्या कुंडीएवढीच. कोरमंगलातल्या काही लहान शेतकऱ्यांनी आपली शेतं एकत्र केली होती, त्यांच्यासाठी.

तोवर ही माणसं पटेलाचे, म्हणजे गावच्या पाटलाचे, बैल आणत. आधी पटेलाचं शेत नांगरलं जाई, मग उरल्या ओलीवर यांचं. दुसऱ्याच्या सवडीने पेरायचं, ही गुलामी नाही तर काय? पेरणीपर्यंत ट्रॅक्टर चालला नाही, तर मंडळी फुटणार आणि ज्याचा तो पुन्हा पटेलाच्या दारात उभा राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काम अडलं होतं पुढच्या चाकांच्या आसावर. चिखलात मागची चाकं घसरतात, म्हणून पुढची चाकंही इंजिनाने ओढली पाहिजेत, असं अण्णांचं म्हणणं. आता चाक ओढणार आणि वळणारही, म्हणजे आसाला दोन्ही टोकांना सांधा हवा. भंगारबाजारातून त्यांनी दोन जातींचे सांधे आणले. एक क्रॉसचा: बेरजेच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्याला धरणारे दोन चिमटे. वळताना धक्के देतो, पण मोडला तर गावचा लोहारही नीट करील. दुसरा गोळ्यांचा: वाटीत पोलादी गोळ्या, लोण्यासारखा वळणारा. आत माती गेली की मात्र संपला.

अण्णांचं मन क्रॉसवर होतं. तरी त्यांनी दोन्ही सांधे गोणपाटात बांधून सायकलवर चढवले आणि थेट कोरमंगला गाठलं. "सभा बोलवा. मत घ्या."

लोकशाहीचा जप करणाऱ्या मलासुद्धा हे अति वाटलं. "अण्णा, आसाच्या सांध्यावर मतदान?"

"ट्रॅक्टर सगळ्यांचा, मग सांधा माझ्या एकट्याचा कसा रे?"

चिंचेखाली सभा भरली. अण्णांनी कानडीत क्रॉसची बाजू मांडली, पण लोकांचं लक्ष हातोहात फिरणाऱ्या सांध्यांकडे. मंडळीत वयाने मोठी आणि जिभेने तिखट अशी पुट्टक्का. तिने दोन्ही सांधे कानाशी धरून वळवले. "अण्णा, तुझा क्रॉस म्हणजे माझ्या नवऱ्याची मान. वळते, पण कुरकुरत!"

हशा पिकला. नवराही हसला. गोळ्यांचा सांधा भरघोस मतांनी निवडून आला.

"सरी अक्का, गोळ्या तर गोळ्या!" अण्णा म्हणाले. आणि जे पडलं त्याच्यासाठी नव्हे, जे जिंकलं त्याच्यासाठी जीव ओतून कामाला लागले. सांध्यात माती जाऊ नये म्हणून स्वतःचे बूट फाडून त्यांनी चामड्याच्या टोप्या शिवल्या. हरलेला माणूस असं काम करतो, हे मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं.

नांगरणीच्या दिवशी ट्रॅक्टर ऐटीत निघाला. दुसऱ्याच तासाला एका दगडाने उजवी टोपी फाडली. माती आत गेली. आता चाकं डावीकडे वळत, उजवीकडे म्हटलं की अडून बसत. पुट्टक्काचा चेहरा उतरला. बांधावर पटेलाचा गडी दात काढत उभा होता.

"अक्का, हा डावा निघाला!" अण्णा खुर्चीवरून ओरडले. "या पत्रकवाल्याच्या पक्षाचा!"

आणि ते डावीकडेच वळत राहिले. बांधाच्या कडेने सुरुवात करून गोल गोल आत, चकली पाडावी तसे. दिवस मावळताना सगळं शेत नांगरून झालं होतं आणि मधोमध ट्रॅक्टरवर अण्णा धुळीने लाल होऊन बसले होते. रागी वेळेवर पेरली गेली. पटेलाच्या दारात कुणी गेलं नाही.

अण्णा आता बंगळुरात नाहीत. निपाणीकडच्या एका गावाला असाच ट्रॅक्टर हवा होता, म्हणून नोकरी सोडून तिकडे गेले. त्यांची आठवण निघाली की मला पेरणीनंतरची सभा दिसते.

"मत कशाला?" पुट्टक्का म्हणत होती. "तूच खरा होतास. बसव तुझा क्रॉस."

"ठराव सभेचा," अण्णा म्हणाले. "मोडायचा तर सभेनेच."

क्रॉससाठी भराभर हात वर झाले. खाली मान घालून पुट्टक्काचाही. "गोळ्यांच्या बाजूने कोण?" मी आपलं रीत म्हणून विचारलं. एकच हात वर गेला. अण्णांचा.

"वेड लागलं का तुला?" पुट्टक्का ओरडली. "तो तर माझा सांधा!"

"सबंध शेत नांगरलंय त्याने, अक्का. एक मत तरी नको त्याला?"

मग तिनेही हात वर केला. एका माणसाला दोनदा मत देता येत नाही, असं मी सांगू लागलो.

"गप रे, पत्रकवाल्या," ती म्हणाली आणि हात तसाच वर ठेवून हसत सुटली.